नदी मोजणारं ऑफिस

कुठल्याही लग्नात जा, पंगतीत शेजारचा माणूस विचारतोच, "तुम्ही कुठल्या खात्यात होतात?" मी सांगतो, "नदी मोजायच्या." झालं! तो श्रीखंडाची वाटी बाजूला सारून माझ्याकडे वळतो आणि मठ्ठा येईपर्यंत माझी सुटका नसते. मास्तरांकडे पोरांचे किस्से साठतात, डॉक्टरांकडे पेशंटचे. आमच्याकडे नर्मदा एकच, पण ती मोजायला माणसं बरीच ठेवलेली. त्यामुळे आमच्या साठ्यात नदीचे किस्से थोडे आणि मोजणाऱ्यांचेच फार. खात्याचं नाव सांगत नाही. पेन्शन चालू आहे!

तर, ऑफिस धारला आणि नदी धरमपुरीला. मध्ये बसचे दोन तास, बस मिळाली तर. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी आमच्या गोरे साहेबांना विचारलं, "साहेब, ऑफिस नदीकाठीच का नाही घेतलं?"

साहेबांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. म्हणाले, "काठावर दमट असतं हो. फायली खराब होतात!"

*

मला नोकरी लागली तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली. मग मला समोर बसवून चौकशी सुरू केली.

"नक्की करायचं काय तुला?"

"नदीत आकडे रंगवलेला एक खांब असतो. त्यावर पाणी कुठवर आलं ते रोज बघायचं आणि लिहायचं."

"बरं. मोजून झाल्यावर ते पाणी ठेवता कुठे?"

"ठेवत नाही गं, आई. ते वाहून जातं."

आईनं उठून दार लोटून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "हे बाहेर कोणाला सांगू नकोस हो. पगार बंद करतील!"

*

गोरे साहेबांचं बिऱ्हाड देवासला. थोरले भाऊ तिथल्या कारखान्यात, सगळं घर एकत्र. त्या काळात देवासला नळ म्हणजे भिंतीला लावलेला दागिना होता. आठवड्यातून एकदा खोकायचा, आणि खोकला की सगळी कॉलनी बादल्या घेऊन धावायची. साहेब धारला एकटेच राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. आता ज्याच्या हाताखाली अख्खी नर्मदा, त्याच्या बायकोनं टँकरच्या लाइनीत उभं राहायचं? शोभतं का?

म्हणून दर शनिवारी साहेबांची धरमपुरीला 'साइट व्हिजिट' असायची. जाताना जीपमध्ये रिकामे कॅन, पुढे देवासला जाताना भरलेले. लॉगबुक मी लिहायचो. पहिल्यांदा विचारलं, "साहेब, कॅनचं काय लिहू?"

"लिहा, पाण्याचे नमुने."

"चौदा कॅन नमुने?"

"नदी मोठी आहे ना, भिया!"

एकदा कामानिमित्त मी साहेबांच्या घरी गेलो होतो. वहिनींनी बसवलं, चहा केला. तेवढ्यात त्यांची धाकटी पोरगी बाहेरून खेळून आली, लालबुंद, घामाघूम. दारातूनच ओरडली, "आई, लवकर नमुना दे, तहान लागलीय!"

*

आमच्यात नदी रोज डोळ्यांनी पाहणारा माणूस एकच, सुखलाल. धरमपुरीचा नावाडी. खात्यानं त्याला गेज रीडर नेमलं होतं. गेज म्हणजे तोच, आकड्यांचा खांब. दिवसातून तीनदा त्यावरचा आकडा वाचायचा, रजिस्टरमध्ये चढवायचा आणि आठवड्यानं आम्हाला धाडायचा. उरलेला दिवस तो लोकांना पैलतीरी नेत असे. खात्याचं काम आणि लोकांचं काम, दोन्ही करणारा आमच्या ऑफिसात तो एकटाच. म्हणून तर पर्मनंट झाला नाही, खाकी वर्दीही मिळाली नाही.

एका पावसाळ्यात सुखलालच्या मेहुणीचं लग्न निघालं. कोणी म्हणेल, पावसाळ्यात कुठलं लग्न? आम्हीही म्हणालो. पण सुखलाल गेला. जाण्याआधी त्यानं आठ दिवसांचे आकडे एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहून ठेवले. सगळे सारखे. नदी आठ दिवस बोटभरही हलली नाही!

वरच्या ऑफिसातून पत्र आलं. वरच्या अंगाच्या स्टेशनवर पाणी भरपूर चढलं आहे, खालच्या अंगाच्याही चढलं आहे. मधल्या तुमच्या धरमपुरीला नाही. हे कसं, ते कळवावे.

साहेबांनी सुखलालला बोलावून घेतलं. तो हात जोडून म्हणाला, "साब, मैया को बोल के गया था, आठ दिन इतने में ही रहना. अब उसने नहीं सुना तो मैं क्या करूँ?"

हे काही वर कळवता येण्यासारखं नव्हतं. सुखलालची नोकरी जायची वेळ आली. साहेब दोन दिवस जेवले नाहीत. माणूस मनाचा मऊ. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि उत्तर सांगितलं, "लिहा. बाष्पीभवन."

"साहेब, भर पावसात?"

"लिहा!"

लिहिलं. आता सगळेच घरी जाणार, या तयारीत आम्ही पंधरा दिवस काढले. मग वरून उत्तर आलं. एकच शब्द. 'नोटेड.'

*

धारला आमच्या गल्लीत काकासाहेब राहायचे. घराण्याचा दरबाराशी जुना संबंध. दरबार संपून चाळीस-पन्नास वर्षं झाली होती, पण ते काकासाहेबांना कोणी कळवलं नव्हतं. पोस्टमनलाही ते "कोण आहे रे तिकडे?" असंच विचारायचे.

एका उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, भेटायचं त्यांनी भेटून घ्या. काकासाहेबांनी मला बोलावणं धाडलं. उशाशी चांदीचा गडू ठेवला होता. "आम्हांस शेवटचं नर्मदेचं पाणी तुझ्या हातून. तू तिच्या चाकरीत आहेस."

डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. दुसऱ्या दिवशी धरमपुरीला जायचंच होतं. तर साहेबांनी सकाळी उठून मला पाठवलं तिरल्याला! कुठल्याशा पर्जन्यमापकाचं झाकण चोरीला गेलं होतं. धरमपुरी एका दिशेला, तिरला भलत्याच. दिवसभर झाकणाचा पंचनामा केला. संध्याकाळी रिकामा गडू घेऊन परतायचा धीर होईना. तिरल्याच्या बसस्टँडवर एक हँडपंप आहे. इकडेतिकडे बघितलं आणि भरला.

घरात सगळे हात जोडून उभे. मी मान खाली घालून गडू पुढे केला. लोकांना वाटलं, भक्तीनं. काकासाहेबांनी तीन घोट घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! काय ती गोडी!"

रात्रभर मला झोप नाही. सकाळी त्यांच्याकडून नोकर आला. मी चपला न घालताच निघालो. तर म्हणे काकासाहेब उठून बसलेत आणि पिठलं-भाकरी मागतायत!

पुढे सात वर्षं जगले. गावभर सांगत सुटले, नर्मदेनं वाचवलं. दर महिन्याला गडू माझ्याकडे यायचा आणि मी निमूट तिरल्याला जायचो. आता धोका कोण पत्करणार? पण मन खात होतं. एका नर्मदा जयंतीला ठरवलं, पुरे झालं पाप. धरमपुरीला गेलो, अंघोळ केली, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून गडू भरला आणि आणून दिला.

काकासाहेबांनी एक घोट घेतला आणि पिंकदाणीत थुंकला. "हे कुठलं रे? हँडपंपाचं आणलंस की काय?"

*

एकदा वरचे मोठे साहेब धरमपुरीला आले. सोबत मॅडम. घाटावर त्यांनी आम्हाला अर्धा तास व्याख्यान दिलं. नदी आपली माता आहे, पाणी म्हणजे तीर्थ, आपण तिला मोजतो म्हणजे तिची सेवाच करतो, वगैरे. आम्ही उन्हात माना डोलावल्या.

मग मॅडम म्हणाल्या, पूजा करायची. पुजारीबाबा आले. संकल्प झाला. बाबा म्हणाले, "आचमन कीजिए." साहेबांनी एकवार नदीकडे पाहिलं, एकवार मॅडमकडे, आणि ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरनं गाडीतून सीलबंद बाटली आणली, झाकण फोडलं आणि साहेबांच्या तळहातावर धार धरली. तीन आचमनं झाली. मॅडमचीही झाली.

पुजारीबाबांनी सगळं शांतपणे पाहिलं. नदीत सोडायचा दिवा पेटवून हातात घेतला, बाटलीकडे बोट केलं आणि विचारलं, "दीया भी इसी में छोड़ूँ, साब?"

*

त्यानंतरच्या पुरात सुखलालनं ऑफिसला फोन केला. एसटीडी बूथवरून. धापा टाकत होता. "साब, खंबा बह गया!"

साहेब ओरडले, "अरे, मग रीडिंग कसं देणार? खालच्या गावांना कळवायचं आहे!"

"दे रहा हूँ ना. कमर में रस्सा बाँधा, नीम से अटकाया, और खंबे की जगह मैं खड़ा हो गया. पानी छाती तक है. बाजू का गाँव खाली करवा दो, साब, जल्दी!"

साहेबांनी तसंच वर कळवलं, 'पाणी छातीपर्यंत.' गाव रिकामं झालं, माणसं वाचली. पूर ओसरला आणि वरून पत्र आलं, 'छाती कोणाची? सेंटिमीटरमध्ये कळवावे.'

मी टेप घेऊन धरमपुरीला गेलो. सुखलालच्या कमरेवर अजून दोराचे वळ होते. त्याला भिंतीशी उभं केलं आणि टाचेपासून छातीपर्यंत टेप लावला. तो श्वास रोखून, ताठ उभा राहिला. एवढा आनंद त्याच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता.

"साब," त्यानं हळूच विचारलं, "वर्दी मिल रही है क्या?"

*

आता शेवटचा.

पुढे खाली कुठेतरी धरण वाढत गेलं आणि नदी वर सरकायला लागली. सुखलालची वस्ती बुडणाऱ्यांत आली. त्यांना चार-पाच कोसांवर, उतारावरच्या मुरमाड माळावर प्लॉट मिळाले. पातळीचे आकडे आमच्या ऑफिसचे, म्हणून वस्ती हलवायच्या मीटिंगला मला पाठवलं. मीटिंग घेणारे साहेब दुसऱ्या खात्याचे, तरुण, गॉगलवाले.

बायांनी घराचं विचारलं नाही, शाळेचं विचारलं नाही. एकच धोशा, "वहाँ पानी?" जन्मभर दारातून वाकलं की घागर भरणाऱ्या बाया त्या.

साहेब म्हणाले, "पानी आएगा."

सुखलालची बायको म्हणाली, "सब ऐसेई बोलते हैं."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. "लाओ कागज. लिख के देता हूँ!" आणि खरंच लिहिलं, खाली सही केली. टाळ्या पडल्या. सुखलालनं तो कागद घडी घालून टोपीत ठेवला.

वस्ती उठली. ट्रॅक्टर-ट्रॉलीत दारं, कौलं, गाई, म्हाताऱ्या, सगळं चढलं. शेवटच्या ट्रॉलीत सुखलालनं आपली नाव चढवली. चौघांनी समजावलं, अरे विकून टाक. तो नावेचा दोर आवळत राहिला.

दोन वर्षांनी पाहणी निघाली. तेच साहेब, आणि पुन्हा सोबतीला मी. माळावर घरं उभी होती. प्रत्येक घरासमोर नळ होता आणि नळाच्या तोटीला शेळ्या बांधल्या होत्या. बाया दूरच्या विहिरीवरून हंडे घेऊन येत होत्या. आम्हाला पाहून कोणी थांबलं नाही.

सुखलालच्या अंगणात नाव होती. चार दगडांवर सरळ ठेवलेली, खालून नीट खरवडलेली. तो उकिडवा बसून फळ्यांच्या सांध्यांत डांबर भरत होता. नवा दोर बांधलेला. वल्ही तेल लावून उन्हात ठेवलेली.

साहेबांना हसू आवरेना. म्हणाले, "अरे सुखलाल, इधर टेकड़ी पे नाव तैयार कर रहा है? किसलिए?"

सुखलालनं डांबराचा हात धोतराला पुसला, टोपीतून घडीचा कागद काढला आणि साहेबांपुढे धरला.

"आप ही ने तो लिख के दिया था, साब. पानी आएगा."