खडकातल्या झाडाला रोजचा तांब्या

"अगं, झाड पिवळं पडलंय," माझा मित्र निखिल व्हिडिओ कॉलवर म्हणाला. "हेही गेलं तर आईला काय सांगू?"

परदेशातल्या एकाच शहराची दोन टोकं: तो क्रेगीबर्नला, मी ग्लेन वेव्हर्लीला, आणि लॉकडाऊनमुळे पाच किलोमीटरपलीकडे जायची सोय नाही. मी लँडस्केपिंग करते, लोकांच्या बागा उभ्या करून देते. हॉर्टिकल्चरचा कोर्स केला होता पीआरसाठी, इथे कायम राहायच्या परवान्यासाठी. पीआर मिळाली, झाडं काही सुटली नाहीत.

निखिलचे वडील पुण्यात वारले तेव्हा त्याची आई इथे अडकली होती. विमानं बंद. अंत्यविधी दोघांनी फोनवर पाहिले. मग वडिलांच्या नावाने दारात एक झाड लावायचं ठरलं. निखिलला जुनिपर हवा होता, सुरूसारखा दिसणारा. पण त्याच्या दारातली जमीन म्हणजे वर काळा दगड, खाली चिकणमाती. म्हणून मी इथलाच व्हाइट सायप्रस पाइन सुचवला. दिसायला जुनिपरचा भाऊ, आणि कोरड्या, खडकाळ रानात वाढलेला. दोन लॉकडाऊनच्या मधल्या फटीत मीच तो लावून आले होते.

"ड्रिपचं पाणी चालू आहे का रे?"

"नाही. तू बंद ठेव म्हणालीस, बंदच आहे."

"बुंध्याजवळ मातीत बोट घाल."

बोट चिखलाने माखून वर आलं.

"वास घे."

"कुजकट येतोय."

चिकणमातीतला खड्डा बादलीसारखा असतो. पाणी आत गेलं की मुरत नाही. मुळं गुदमरून सडतात, आणि वरून झाड तहानलेलं दिसतं. पण एवढं पाणी आलं कुठून?

तेवढ्यात स्क्रीनमध्ये काकू आल्या, निखिलची आई. हातात तांब्या. झाडाला नमस्कार केला आणि तांब्या रिता केला.

"आई, रोज घालतेस?"

"सकाळ-संध्याकाळ. ह्यांच्या तोंडात शेवटचं पाणी घालता आलं नाही मला."

मुळं सडण्याचं शास्त्र या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"काकू," मी म्हटलं, "हे खडकातलं झाड आहे. त्याचं पोट भरलंय, आणि आपण आग्रह करतोय."

त्या म्हणाल्या, "ह्यांनाही आग्रह खपायचा नाही. ताटावरून उठून जायचे."

तांब्या कढीपत्त्याच्या कुंडीकडे वळला. निखिलने मी सांगितला तसा साचलेलं पाणी वाहून जायला उताराच्या बाजूला चर खणला. पुढे वाट बघण्याखेरीज कुणाच्या हातात काही नव्हतं.

निर्बंध उठल्यावर मी त्यांच्याकडे गेले. एक बाजू वाळली होती, ती छाटली. दुसऱ्या बाजूला निळसर हिरवे शेंडे फुटले होते. काकू शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"रोज विचारते, पाणी हवंय का," त्या म्हणाल्या. "नाहीच म्हणतं."

आमच्या धंद्यात तहानेपेक्षा पाण्यानेच जास्त झाडं मरतात. आता नवी साइट बघायला गेले की माती तपासण्याआधी मी विचारते, घरात कोण कोण असतं?