अण्णांचा दुपारचा मिस कॉल

मी नेटवर्कवाला माणूस. बेळगावात उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या एका कंपनीत काम करतो. सिग्नल येतो किंवा येत नाही, मधलं काही नसतं... त्यामुळे असले भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी कायम टर उडवली. आता खुशाल माझी उडवा.

माझे थोरले भाऊ अण्णा निपाणीजवळ वेदगंगेकाठी तंबाखू करायचे. मळ्यात मोबाइल कधी कर्नाटकचा टॉवर धरायचा, कधी महाराष्ट्राचा, आणि पुरात दोन्ही गायब. म्हणून चाचणीची एक डिश मीच त्यांच्या मळ्यातल्या खोलीवर बसवली. आमचे उपग्रह कमी उंचीवरून फिरतात, एक सरकला की दुसरा लाइन धरतो. टॉवर पडले तरी बोलणं चालू. अण्णा हसले, "लई भारी! ह्याला सीमा न्हाय व्हय रं?"

घरची जुनी रीत होती — मळ्यात जेवण झालं की अण्णा वहिनींना मिस कॉल द्यायचे. तो उचलायचा नाही. वाजला म्हणजे जेवले, बरे आहेत. इंटरनेट आल्यावर कॉल त्यावरून यायला लागला, रीत तीच राहिली.

यंदा पाणी चढलं तेव्हा अण्णा जनावरांसाठी मळ्यातच थांबले. रस्ता तुटला. मी गावातल्या घरी वहिनींजवळ येऊन राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन वाजला — अण्णा! मी हात पुढे केला.

"उचलू नका भावजी. जेवल्यात ते."

त्यांचा चेहरा असा उजळला की मी हात मागे घेतला. तिसऱ्या दुपारीही तेच. बोटवाल्यांना आम्हीच सांगितलं, आमचे सुखरूप आहेत, आधी दुसऱ्यांना काढा.

पाणी ओसरल्यावर अण्णा बांधावरच्या बाभळीत अडकलेले सापडले. फोन खिशातच, गाळानं भरलेला. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच संध्याकाळी गेलेत. ऑफिसात तपासलं, डिशही त्याच संध्याकाळी बंद पडलेली. पण वहिनींच्या फोनात ते दोन्ही कॉल आजही दिसतात... मग केले कुणी? आणि डॉक्टर चुकले असले, एखाद्या टॉवरनं क्षणभर लाइन धरली असली, तर अण्णा हाक मारत होते आणि आम्ही फोनकडे बघत समाधानानं बसलो होतो. दोन्हींतलं काय खरं मानू? काहीही मानलं तरी जीव तुटतो.

परवा दुपारी वहिनी फोन शेजारी ठेवून जेवायला बसल्या होत्या. मी म्हटलं, परत वाजला तर उचला. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"उचलला, आणि ते 'जेवलो न्हाय' म्हटले, तर काय करू ओ भावजी?"