हँडल वळवून ऐकणारा माणूस

जुन्या जालन्यातला आमचा मेकॅनिक गाडी चालू करून आधी हँडल पूर्ण डावीकडं वळवायचा, मग उजवीकडं, आणि मान तिरपी करून नुसता ऐकत बसायचा. कुणी घाई केली की म्हणायचा, "जल्दी हाय तं ऑटोनं जा."

माझ्या वडिलांची जुनी मोटारसायकल उभ्या जागी आपोआप रेस व्हायची. त्याने हँडल वळवलं तसा आवाज आणखी चढला. "रेसची केबल ओढून राह्यली, भाऊ. आज ठेवा, उद्या नवी टाकतो."

मला बायकोला घेऊन आष्टीला लग्नाला जायचं होतं. म्हटलं, "स्क्रू फिरवून आवाज कमी करा की."

"स्क्रूनं आवाज दबतो. रोग न्हाई दबत."

शेवटी स्क्रू मीच फिरवला आणि गाडी नेली. पहिल्याच मोठ्या वळणावर गाडी अंगात आल्यासारखी उसळली. बायको मागच्या सीटवरून पडली. ती अजून लंगडते.

गाडी नीट केली नाही म्हणून मेहुण्याने भर गल्लीत मेकॅनिकची कॉलर धरली. मी शेजारीच उभा होतो. मेकॅनिकने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. "ऱ्हायलं असंल माझ्याकडून," तो म्हणाला. मग त्याच्याकडे कुणी फिरकेना.

परवा, सात वर्षांनी, त्याची माफी मागायला गेलो. रिकाम्या दुकानात तो बसला होता.

"मला काहून सांगून राह्यले, भाऊ? मला तं माहीतच हाय. घरी सांगा."

घरी आलो. भिंतीला धरत धरत बायकोने पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो आणि तांब्या परत दिला.