साडूची उंच ओळ

जगातला सगळ्यात चिवट माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी माझ्या साडूकडे बोट दाखवीन आणि दोन पावलं मागे सरकेन. ऐंशीच्या दशकात वर्ध्याच्या आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. त्या थंडगार खोलीत आम्ही चपला बाहेर काढून, देवळात जावं तसे जायचो. साडू त्या यंत्रावर, मी शेजारच्या हिशेब खात्यात. यंत्राला येत होती फक्त इंग्रजी. त्याच्या पडद्यावर मराठी उमटवायचीच, असं साडूने मनावर घेतलं आणि माझ्या सुखी संसाराला दृष्ट लागली. पडद्यावरचं अक्षर ठिपक्यांचं, म्हणून हा माणूस दिसेल तिथे ठिपके मांडायचा. धाकट्या मेहुणीच्या लग्नात, भर पंगतीत, त्याने पत्रावळीवर बुंदीचा ‘ळ’ मांडला. बोलण्याच्या नादात मी त्यातले चार दाणे उचलून तोंडात टाकले. "साडभाऊ, माहा ळ खाल्ला ना तुमी!" असा हंबरडा साडूने फोडला की नवरीसुद्धा घाबरली. सासरचे लोक मला अजून ‘अक्षरखाऊ जावई’ म्हणतात. दुसरी कुठली पदवी मला मिळालेली नाही.

खरी अडचण उकाराची होती. पडद्यावरची ओळ इंग्रजीच्या मापाची, ठेंगणी. वर अनुस्वार बसवला की खालचा उकार कापला जायचा. मी शहाणपणा पाजळला, "एवढ्याशा शेपटीवाचून काय अडलंय हो?"

साडू पडद्यावरून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "माह्या मायचं नाव गुंफाबाई आहे. म्हातारपणी प्रौढांच्या वर्गात जाऊन वाचाले शिकली. आता डोळे चालले तिचे. पोरगा काय करून राह्यला, हे डोळे आहेत तवर तिले वाचता आलं पायजे."

माझं शहाणपण तिथेच आटोपलं.

शेवटी साडूने ओळच उंच केली. कशी, ते तो मला समजावत राहिला आणि मी गाढवासारखा मान डोलावत राहिलो. मग त्याने गावाकडून, रोहण्याहून, मायला आणलं. पडद्याला नाक लावून, अक्षराखाली बोट सरकवत तिने वाचलं, "गुं... फा... बाई." साडू लहान पोरासारखा हसला.

"अन् तुह्या बापाचं?" तिने हळूच विचारलं.

साडूने वारलेल्या वडिलांचं नाव उमटवलं. पुंडलिक. मायचं बोट पहिल्या अक्षराखाली थांबलं ते थांबलंच. साडूचा चेहरा पार उतरला.

"माय, दिसत नाई का?"

"दिसते ना, बापू," डोक्यावरून पदर ओढत ती म्हणाली. "त्यायचं नाव मी कवा तोंडानं घेतलं काय?"

आम्ही दोघं साडू थंडीचं निमित्त करून नाक ओढत उभे राहिलो. पडदा बंद करायला साडूचा हात धजेना, आणि चला आता घरी, असं माझ्याच्याने म्हणवेना.