दुपारी दोनचा वारा

वाचनालयाचे ग्रंथपाल तसे कडक. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडलेला दिसला की ते वाचकाला टेबलासमोर उभं करत. "हा कान कुणी पिळला?" वाचक म्हणे, "मी नाही." मग ग्रंथपाल चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "दुमडलंत ते एक वेळ चालेल, पण खोटं बोलू नका." एकतीस वर्षांत हे वाक्य अर्ध्या गावाने ऐकलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला त्याची नक्कल येत होती.

वाचनालय बाजारामागच्या दोन खोल्यांत होतं. भिंतींना ओल, भर दिवसा दिवे लावावे लागत, आणि खालच्या फळीवरची पुस्तकं फुगून एकमेकांना चिकटलेली. एक काढायला गेलं तर तीन हातात येत. त्यामुळे मागच्या मोकळ्या जागेवर नवी इमारत होणार असं ठरलं तेव्हा ग्रंथपालांना मूठभर मांस चढलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. तेवढ्यात नवं वाचनालय डोळ्यांनी दिसावं, एवढीच त्यांची इच्छा.

इमारतीचं काम एका तरुण आर्किटेक्ट बाईंकडे आलं. बाई म्हणाल्या, "मातीच्या विटा वापरू, छपरावरचं पाणी टाकीत घेऊ. दिवे कमीत कमी, आणि थंड करायचं यंत्र अजिबात नाही. गारवा आणायचा तो वाऱ्याने आणायचा. पण काका, इथला वारा मला कसा कळणार? तो तुम्ही सांगायचा."

"मी?"

"तुमच्याइतका नेमका माणूस मला कुठे मिळणार?"

मोकळ्या जागेच्या मधोमध बाईंनी एक खांब रोवला. त्याच्या टोकाला कापडाची पट्टी, कमरेएवढ्या उंचीवर एक जाळीची पेटी, आणि पेटीत उष्णता आणि दमटपणा मोजायची यंत्रं. सकाळी नऊ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. वर्षभर दिवसातून तीनदा वारा कुठून आहे, उष्णता किती, दमटपणा किती, हे वहीत लिहायचं.

पहिले तीन महिने ग्रंथपालांनी एक वेळ चुकवली नाही. चौथ्या महिन्यात गुडघा धरला. सकाळ-संध्याकाळ ते खांबापर्यंत जात, पण दुपारी जेवण झाल्यावर बाकावर अंग टाकलं की उठवत नसे. एके दिवशी जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते. दोनचा रकाना कोरा. ग्रंथपालांनी सकाळचा आकडा पाहिला, त्यात अंदाजाने थोडी भर घातली आणि लिहिलं, 'वारा पश्चिमेचा'. गावात कुणालाही विचारा, वारा पश्चिमेचाच सांगेल. काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उठायचा विचार होता, पण तो विचारच राहिला. पुढे पुढे तर ते जेवणाआधीच दोनचा रकाना भरून मोकळे होत, आणि मग निवांत झोपत.

वर्ष सरलं. बाईंनी वही नेली, चार महिन्यांनी आराखडा आणला आणि वाचनालय समितीच्या सभेत टेबलावर पसरला. अध्यक्षांनी चहाचे कप बाजूला करायला लावले.

"आराखडा माझा असला तरी पाया काकांच्या वहीचा आहे," बाई म्हणाल्या. "बघा, दक्षिणेला लाकडाची वखार. तिथे दिवसभर करवत चालते, भुसा उडतो. मला तीच धास्ती होती. पण वर्षभरात दुपारी तिकडून वारा फक्त सुरुवातीला दोन-चारदा आलाय. म्हणून वाचायची सगळी टेबलं दक्षिणेला घेतली, मोठ्या उघड्या खिडक्यांपाशी."

अध्यक्ष म्हणाले, "आमचे ग्रंथपाल म्हणजे काय! घड्याळ चुकेल, पण हे चुकायचे नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपाल मान खाली घालून बसले. लोकांना वाटलं, माणूस लाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ते काठी टेकत खांबापाशी गेले. पट्टी दक्षिणेच्या वाऱ्याने ताठ फडफडत होती. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी चष्मा पुसला तर रुमालावर पिवळसर भुसा. सकाळ-संध्याकाळ पश्चिमेचा असणारा वारा या दिवसांत भर दुपारी फिरत होता, आणि हे वखारीबाहेर गावात कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या वेळी सारं गाव घरात असे.

जेवताना बायकोने विचारलं, "अहो, घास का फिरतोय तोंडात? भाजी बिघडलीय का?"

त्यांनी सगळं सांगितलं. ती हसली. "एवढंच ना! वारा काय साक्ष द्यायला येणार आहे?"

"वारा नाही येणार. भुसा येईल. प्रत्येक पानावर बसेल."

"मग बाईंना सांगा."

"काय म्हणून सांगू? जेवून झोपत होतो म्हणून?"

तिने त्यांच्या ताटातली पोळी उचलून परत डब्यात ठेवली.

ग्रंथपालांनी आधी पळवाट शोधली. बाईंच्या कचेरीत जाऊन, खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "टेबलं उत्तरेला घेतली तर? मला आपलं वाटतं, दुपारी दक्षिणेचा वारा असावा."

बाई हसल्या. "काका, तुम्हाला वाटतं ते मी का धरू? तुमचीच वही नाही म्हणतेय." त्यांनी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. "आणि दुपारच्या रकान्यातलं अक्षर तरी बघा. सुरुवातीला खाडाखोड आहे, मग कसा हात बसलाय. एकही डाग नाही."

ग्रंथपालांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाडाखोड होती त्या नोंदी खऱ्या होत्या. उन्हात, वाऱ्यात, वही हातावर धरून लिहिलेल्या. स्वच्छ नोंदी टेबलाशी बसून लिहिलेल्या.

"डाग नाही," ते म्हणाले, "कारण त्या नोंदी खोट्या आहेत."

बाईंना आधी ती थट्टा वाटली. मग नाही वाटली.

"किती दिवस?"

"दुपारचे. चौथ्या महिन्यापासून."

"सगळे?"

"सगळे."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खणातून लाल पेन्सिल काढून वहीवर ठेवली. "खोट्या नोंदींवर खूण करा. मला अंदाज नको."

ग्रंथपाल खुणा करत गेले. एक पान झालं की उलटायचं, पुढचं. तासभर बाई समोर बसून दुसऱ्याच कागदात पाहत होत्या. मध्येच एका मदतनीस मुलीने डोकावून विचारलं, "चहा सांगू का?" बाई म्हणाल्या, "आत्ता नको." त्या 'आत्ता नको'चा अर्थ ग्रंथपालांना पुरेपूर कळला.

समितीत त्यांनी उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगितलं. अध्यक्ष छताकडे पाहत राहिले. मागच्या रांगेतल्या निवृत्त मास्तरांचं सभासदत्व ग्रंथपालांनीच एकदा सहा महिने रोखलं होतं, फाटलेल्या पानाबद्दल खोटं बोलले म्हणून. मास्तर बोलतील आणि आपण ऐकून घेऊ, अशी ग्रंथपालांनी मनाची तयारी केली होती. मास्तरांनी नुसतं पाणी प्यायलं आणि पेला पालथा घातला. ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

काम वर्षभर लांबणीवर पडलं. म्हणजे ग्रंथपाल असेपर्यंत फार तर पाया भरला जाणार. नोंदी नव्याने घ्यायच्या ठरल्या. त्या मीच घेतो, असं ग्रंथपाल म्हणाले. बाई 'बरं' म्हणाल्या, पण वहीत दोन रकाने आखून दिले. दुसरा रकाना वखारीच्या मुकादमाचा. दोघांनी आपापलं पाहून लिहायचं, खाली सही करायची. 

मुकादम गडगडाटी हसणारा. रोज दोनला कुंपण ओलांडून यायचा आणि लांबूनच ओरडायचा, "काय ग्रंथपाल, वारा आहे की जेवून झोपलाय?" ग्रंथपाल वाकून यंत्र पाहत, लिहीत, आपल्या रकान्यावर हात ठेवत आणि वही त्याच्याकडे देत.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस मुकादम म्हणाला, "उद्या मी नाही हं. मेहुणीकडे जायचंय. माझाही आकडा तुम्हीच टाका."

"मी कसा टाकू?"

"अहो, यंत्र तेच, वारा तोच. सही मी परवा करीन. कोण बघायला येतंय?"

ग्रंथपालांना त्याला चार शब्द सुनावावेत असं वाटलं, जुनं सवयीचं वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण ते वाक्य आता कुठल्या तोंडाने म्हणायचं?

"नको," ते हळूच म्हणाले. "कोरा राहू दे."

मुकादम खांदे उडवून गेला. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल दोनला पाच मिनिटं असताना येऊन उभे राहिले. दोन वाजले तसं त्यांनी पाहिलं, लिहिलं, एक आकडा चुकला तो खोडून पुन्हा लिहिला. शेजारच्या रकान्यात, 'मुकादम आले नाहीत'. पट्टी दक्षिणेच्या वाऱ्याने फडफडत होती. वहीच्या पानावर भुसा बसायला लागला, तेव्हा त्यांनी फुंकर मारून तो उडवला आणि वही मिटली.