ताटलीतला पांढरा ठिपका

फॉर्मॅलिनचा वास आला की जालन्यातलं ते ऑपरेशन आठवतं. मी शिकाऊ डॉक्टर होतो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. शहागडच्या एका बाईंची थायरॉइडची गाठ सरांनी नुकतीच काढली होती. थायरॉइडला चिकटून मुगाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्या गेल्या तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, बोटं आखडतात. काढलेल्या गाठीबरोबर एखादी आली नाही ना, हे पाहणं माझं काम. मी ताटलीतली गाठ उलटसुलट केली, "साफ आहे, सर," म्हणालो आणि गाठ टिकवायच्या फॉर्मॅलिनच्या बरणीचं झाकण उघडलं. "थांब रे," सर म्हणाले, "नवा कॅमेरा फिरव ताटलीवरून. त्याच्या उजेडात या ग्रंथी चमकतात." सिस्टर हसल्या, "आता टाकून द्यायच्या गाठीचा बी फोटो काढता का, सर?" दिवे मालवले. पडद्यावर करड्या गाठीच्या कडेला एक पांढराशुभ्र ठिपका उजळला. मी बरणीचं झाकण परत लावलं. "बरणीत पडली असती तर मेली असती ही ग्रंथी," सर हळूच म्हणाले. त्यांनी ती ग्रंथी सोडवली, बारीक तुकडे केले आणि बाईंच्या मानेच्या स्नायूत परत बसवली. मला एका शब्दानं बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. पण कॅमेरा येण्याआधीही गाठी मीच तपासत होतो. "डॉक्टर, बोटं वाकडी होऊन राह्यलीत," म्हणत परत आलेल्या बायांना मी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. आज मी स्वतः ऑपरेशनं करतो, आणि त्यांच्यातल्या एकीचंही नाव मला आठवत नाही.