शर्ट ओळखला, माणूस नाही

जबाब कसा घ्यायचा, हे मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी शिकवलं.

नव्वदच्या दशकात मी बंगळुरात, राजाजीनगर भागात उपनिरीक्षक होतो. एका सकाळी कोणीतरी म्हातारीच्या गळ्यातली साखळी ओढली. ती पडली, डोकं पायरीवर आपटलं आणि जागीच गेली. पळणाऱ्याला पाहिलं होतं फक्त कोपऱ्यावर शिवणकामाचं दुकान असलेल्या अक्कांनी. त्यांचं तीन पिढ्या इथे राहिलेलं मराठी घर. हवालदाराला त्या बेधडक म्हणाल्या, "तो मला माहीत आहे. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात असतो. कपडे माझ्याकडूनच शिवून घेतो."

त्या तरुणाला ठाण्यात आणलं. "मी तिथे नव्हतो, सर," एवढंच तो म्हणत राहिला. त्या सकाळी खोलीवर एकटाच झोपला होता. त्याला पुरावा काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः अक्कांच्या दुकानात जाऊन जबाब लिहिला, वाचून दाखवला.

"स्वल्प थांबा," थोडं थांबा हे त्या कानडी वळणाने म्हणाल्या. "ह्याचं पुढे काय होणार?"

"जीव गेलाय, अक्का. त्याला जन्मठेपही होऊ शकते."

त्यांनी मशीनवरचा पाय काढला. "मग मला माहीत नाही."

मी भडकलो. "काल माहीत होतं ना?"

"काल गल्लीतून कोण पळालं, एवढंच विचारलं होतं. तेवढ्यापुरतं माहीत होतं. कोणाचा जन्म घालवायला ते पुरत नाही, साहेब. मी पाठ बघितली. चेहरा नाही."

राग गिळून मी विचारलं, "मग ह्या कागदाला पुरेल असं काय माहीत आहे?"

त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, "शर्ट. पाठीवरचं ठिगळ माझ्या हातचं आहे. ते त्याच्याच शर्टाला लावलं होतं."

ठाण्यात परतून मी तरुणाला विचारलं, "ठिगळाचा शर्ट कुठाय?"

"खोलीतल्या जोडीदाराने नेलाय, सर. चार दिवस झाले."

हे आम्ही विचारलंच नव्हतं! जोडीदार त्याच्या गावी सापडला. पेटीत तो शर्ट होता आणि शर्टात गुंडाळलेली साखळी. त्याने गुन्हा कबूल केला.

सुटल्यावर तरुण थेट अक्कांकडे निघाला. भांडण होईल म्हणून मीही गेलो. तो काही बोलायच्या आत त्या उभ्या राहिल्या. "चुकलं रे माझं. शर्टालाच माणूस समजले."

पुढे कोर्टात मोठमोठे वकील ऐकले. पण 'माहीत आहे' ह्या दोन शब्दांचं वजन इतकं नेमकं तोलणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. तेव्हापासून साक्षीदाराच्या शब्दाने काय होऊ शकतं, ते मी आधी सांगायचो आणि मगच जबाब लिहायचो. काही जण गप्प व्हायचे, तपास लांबायचे. वरिष्ठांची बोलणी बसायची. ती मी निमूट खाल्ली.